तुम्ही विचारलंत म्हणून: यामाकोशी हे गाव भूकंपात संपलं का?

नाही. भूकंपात नाही संपलं. जपानमध्ये निइगाताला आमच्याकडे उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे सांगते, तो मान डोलावतो आणि घरी जाऊन चार जणांना सांगतो, ‘भूकंपात नाहीसं झालेलं गाव बघून आलो.’ म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते. रंगीत कोई मासे, बैलांच्या झुंजी, डोंगरावरची भातखाचरं हे सगळं तुम्ही पाहिलंत, त्याबद्दल बोलत नाही. माझं म्हणणं कागदांबद्दल आहे.

यामाकोशी हे कोशी गुनमधलं गाव. गुन म्हणजे साधारण आपला तालुका. गुनला एके काळी कचेरी होती, 1890 च्या कायद्यानं सभाही मिळाली. 1923 मध्ये सभा गेली, 1926 मध्ये कचेरी. तेव्हापासून गुन उरलं ते पत्त्यापुरतं. त्यात नियम असा की शहराचा दर्जा मिळाला की ते ठिकाण गुनमधून बाहेर. नागाओका 1906 मध्ये बाहेर पडलं, तोचिओ 1954 मध्ये, आणि आसपासची खेडी या ना त्या शहरात जात राहिली. 1956 मध्ये चार खेडी मिळून यामाकोशी झालं, आणि शेवटी अख्ख्या कोशी गुनमध्ये ते एकटंच राहिलं. वाड्यातली सगळी बिऱ्हाडं फ्लॅटमध्ये गेली आणि मागच्या खोलीतलं एकच मागे राहिलं, तसं.

आता 2004. यामाकोशीनं नागाओका शहरात विलीन व्हायची तारीख भूकंपाच्या आधीच ठरलेली होती: 1 एप्रिल 2005. हे वाक्य कृपया दोनदा वाचा, कारण इथेच सगळे घसरतात. 23 ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळी 5 वाजून 56 मिनिटं, 6.8 तीव्रता. डोंगर घसरले, बाहेर जाणारे सगळे रस्ते तुटले, फोन बंद. चौदा वाड्यांचं गाव, सुमारे 2,200 माणसं. सरपंच नागाशिमा तादायोशी यांनी ठरवलं की कुणीच मागे राहायचं नाही, आणि 25 तारखेला अख्खं गाव लष्करी हेलिकॉप्टरनं नागाओकात उतरलं. पुढे झुंजीचे बैलसुद्धा हेलिकॉप्टरला टांगून आणले. खाली इमो नदी दरडींनी तुंबली आणि कोगोमो वाडीतली घरं पाण्याखाली गेली.

नागाओकातल्या छावण्यांमध्ये आधी जो जिथे पोचला तिथे पडला होता. मग लोकांना पुन्हा हलवलं, वाडीप्रमाणे. डिसेंबरमध्ये तात्पुरती घरं मिळाली तीही वाडीवार, शेजारी तोच शेजार. ‘चला, यामाकोशीला परत जाऊ’ ही घोषणा तेव्हाचीच. म्हणजे त्या हिवाळ्यात यामाकोशी आधीपेक्षा जास्तच गाव होतं, फक्त जमीन पायाखाली नव्हती. आणि 1 एप्रिल उजाडला. ठरलेल्या तारखेला यामाकोशी गाव विसर्जित झालं, आणि त्याच्याबरोबर कोशी गुनही. लोक नागाओकाचे नागरिक झाले, नागाओकाच्याच जमिनीवरच्या तात्पुरत्या घरांत राहून. जायला बंदी असलेल्या गावाचा पत्ता तेवढा बदलला.

यावर मी पूर्वी फार तावातावानं बोलायचे. तारीख वर्षभर पुढे ढकलली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण विलीनीकरणाच्या खास कायद्याखाली अर्ज करायची मुदत मार्च 2005 अखेर संपत होती, आणि अर्ज केलेल्यांनाही मार्च 2006 अखेरच्या आत विलीन व्हायचं होतं. मुदतीतल्यांना विलीनीकरणाचं खास कर्ज: कामाच्या खर्चाच्या 95 टक्क्यांपर्यंत, आणि परतफेडीतला 70 टक्के भार केंद्राच्या अनुदानात धरलेला. दुसऱ्या हातानं हेच केंद्र लहान गावांचं अनुदान कापत होतं. याला ‘स्वेच्छेनं विलीनीकरण’ म्हणतात. निइगाता प्रांतात 112 शहरं-गावं होती, आता 30 आहेत. सगळ्यांची एकदम इच्छा झाली!

तरी त्या जुन्या मला आज विचारावंसं वाटतं, बाई गं, मोडलेल्या डोंगरावरचं दोन हजारांचं गाव स्वतंत्र राहून करणार काय होतं? बंदी 2007 च्या एप्रिलपर्यंत उठली, बरेच लोक परतले. ते स्वतंत्र गाव असतं तरी परतले असतेच, असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. आणि विलीनीकरणामुळे परतले, हेही मी कुणाला म्हणू देणार नाही. आज वर हजारसुद्धा माणसं राहत नाहीत. 2021 पासून कोई माशांची चित्रं एनएफटी (मालकीची नोंद असलेली डिजिटल वस्तू) म्हणून विकत घेणारे ‘डिजिटल ग्रामस्थ’ मात्र त्यांच्याहून जास्त झालेत. त्यावर माझं मत विचारू नका.

‘मग विलीन व्हायचंच नाही,’ असं परवा एक काका म्हणाले. काका, तसंही गाव आहे, याच प्रांतात. समुद्राकडचं कारिवा. तिथलं गुनही शाबूत आहे, त्यात तेवढं एकच गाव उरलं असलं तरी. पण कारिवाच्या हद्दीत अणुवीज प्रकल्प आहे, आणि त्याचा पैसा गावाला मिळतो. यामाकोशीकडे मासे होते.