साबण विरुद्ध सॉफ्टवेअर, भाग 4: 33 टक्क्यांचं भूत सापडलं

मागच्या नोंदीत एका साबण कंपनीचा नि एका सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर तोलून मी छातीठोकपणे लिहून बसलो होतो, ‘सॉफ्टवेअर बाद, साबणच ठेवायचा.’ ते शब्द परत घेतो. घोळ शेअरमध्ये नव्हता, माझ्या शीटमध्ये होता. तीन रात्री खाल्ल्या त्यानं.

मांडणी जुनीच. जानेवारी 2021 ते डिसेंबर 2025, म्हणजे साठ मासिक परतावे. डिसेंबर 2020 धरून महिनाअखेरचे 61 बंद भाव, सगळे एनएसई या शेअर बाजाराच्या भावकॉपीतून, म्हणजे रोजच्या भावांच्या यादीतून, हातानं उचललेले. साबणाचा वार्षिक सरासरी परतावा 10 टक्के, एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे परतावा किती उड्या मारतो त्याचं माप) 18. सॉफ्टवेअरचा परतावा 4.2 आणि एसडी 33. बिनजोखमीचा दर 6.5 धरला की सॉफ्टवेअरचा शार्प (त्या दरावरचा जादा परतावा भागिले एसडी) चक्क उणे.

मला खटकत होतं ते 33. ही काही रोज सर्किट, म्हणजे दिवसाची भावमर्यादा, गाठणारी चिल्लर कंपनी नव्हे. वर्षानुवर्षं तीच कामं करणारी, कंटाळवाणी म्हणावी अशी.

आधी सूत्रावर संशय घेतला. शीटमधलं एसडीचं सूत्र एसटीडीईव्ही.एस ऐवजी .पी लावून पाहिलं, तर आकडा फक्त दशांशात हलला. मग वाटलं, मासिक एसडी वार्षिक करताना 12 च्या वर्गमुळाऐवजी कुठं रोजच्या आकड्यांसाठीचं 252 चं मूळ चिकटलं असेल, तेही नाही. तारखा जुळवल्या. काही महिन्यांत शेवटच्या दिवशी बाजार बंद होता, तिथं त्याआधीच्या व्यवहाराच्या दिवसाचा भाव नीट बसला होता. वैतागून साधा परतावा सोडून लॉग परतावा (दोन भावांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम) घेतला, तर 33 चे 39 झाले! खरं तर तिथंच ट्यूब पेटायला हवी होती. एखादी मोठी पडझड असेल तर लॉगमध्ये ती आणखी मोठी दिसते. पण रात्रीचा एक वाजला होता, लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी आडतीवर शीट उघडीच होती. सध्या मोंढ्यात नव्या तुरीची आवक सुरू आहे, मधे वेळ मिळेल तसं बघत होतो. परताव्याचा रकाना चढत्या क्रमानं लावला, तर सगळ्यात वर उणे 49 टक्के. एका महिन्यात! मी नुसता बघत राहिलो. आमचे मुनीमकाका चष्मा वर करून डोकावले. त्यांना शेअरमधलं काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. म्हणाले, “भाऊ, पोत्याचा भाव नि कट्ट्याचा भाव एकाच खान्यात मांडला का काय? माल तर तोच दिसतोय.”

बोनस! एकास एक, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट. पोतं शंभर किलोचं होतं, कट्टा पन्नासचा झाला, भाव निम्मा. भावकॉपीत त्या दिवशी झालेला खरा भाव असतो, मागचे भाव ती कशाला सुधारेल? रिलायन्सचा ऑक्टोबर 2024 चा 1:1 बोनस आपण सगळ्यांनी बघितला, त्यावर गप्पाही मारल्या, आणि तरी मी हे विसरलो. वर कहर म्हणजे हा शेअर माझ्याकडे आहे. डीमॅटमध्ये 40 चे 80 झालेले मी स्वतः पाहिले होते.

आता शीटमध्ये ‘भाजक’ नावाचा रकाना टाकलाय. 1:1 बोनस असेल तर एक्स-डेटच्या (शेअर बोनसविना विकला जायला लागतो त्या दिवसाच्या) आधीच्या सगळ्या भावांना 2 नं भागायचं. शेअरचे तुकडे होऊन दर्शनी मूल्य 10 चं 2 झालं असेल तर 5 नं. ॲपवरचे आलेख बहुतेकदा हे आपोआप करतात, पण कुठं काय भागलं ते बरेचदा सांगत नाहीत. म्हणून मी भावकॉपी सोडणार नाही. चूक झाली तर निदान ती माझी असते.

सुधारल्यावर सॉफ्टवेअर: परतावा 14.4, एसडी 24, शार्प 0.33. साबणाचा 0.19. कोरिलेशनही (दोघं किती बरोबरीनं हलतात त्याचं माप) 0.06 वरून 0.15 वर आलं.

मग सगळ्यात कमी जोखमीचं मिश्रण काढलं. साबण 66, सॉफ्टवेअर 34, एसडी 15.4. दोघांपेक्षाही कमी! शेतात आंतरपीक म्हणून सोयाबीनच्या चार ओळी नि तुरीच्या दोन पेरतात, जवळपास तेच प्रमाण निघालं, हा योगायोग मी मुनीमकाकांना मुद्दाम सांगितला. खरी मजा पुढं आहे. 40:60 केलं तर शार्प 0.36 आणि एसडी 17. म्हणजे जास्त उड्या मारणारा शेअर 60 टक्के घेऊनही जोखीम निव्वळ साबणापेक्षा कमी. अर्थशास्त्रज्ञ मार्कोविट्झनं 1952 मध्येच हे मांडून ठेवलंय, पण आपल्या शीटमध्ये उतरलेलं बघण्याची गंमत वेगळी.

सोमवारी साबण न विकता नव्या पैशातून सॉफ्टवेअर वाढवायचं, असं इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो. लाभांश कुठाय? माझे सगळे परतावे नुसत्या भावाचे आहेत, आणि साबणवाले लाभांशात हात आखडत नाहीत. तो धरला की साबण वर सरकणार आणि 40:60 बदलणार. दुसरं म्हणजे हे 0.15 मला जरा गोड वाटतंय. माझ्या साठ महिन्यांत मार्च 2020 नाही. त्या महिन्यात निफ्टी 23 टक्के पडला, तेव्हा साबण नि सॉफ्टवेअर एकाच विहिरीत होते का, ते बघायला हवं.

तेव्हा सोमवारची खरेदी रद्द. लाभांशाचा रकाना आधी, मग भावकॉपी जानेवारी 2019 पर्यंत मागं न्यायची. 24 महिन्यांच्या फायली आहेत, तुरीची आवक ओसरली की बसतो.