अण्णांची ट्रंक

आज अण्णांचं वर्षश्राद्ध. पंगत उठल्यावर माळ्यावरची त्यांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वरच सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तिका, पान न् पान जहाजांच्या शिक्क्यांनी भरलेलं. 1967 ते 1975 सुएझ कालवा बंद होता, तेव्हा बोटी अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायच्या. माझा जन्म झाला तेव्हा अण्णा तिकडेच, केप ऑफ गुड होपच्या लाटांत. 'मुलगी झाली' ही तार त्यांना पुढच्या बंदरात मिळाली. ती तार अजून पुस्तिकेतच आहे, चार घड्या घातलेली!

तळाशी दोरीचा तुकडा होता. माझ्या लेकाने डोळे मिटून तिला गाठ मारली, आजोबांनी मांडवीच्या जेटीवर शिकवलेली. ओढली की घट्ट, सोडली की एका झटक्यात मोकळी. दोरीला अजून त्यांच्या तंबाखूचा वास येतोय.