मेणबत्तीचा रक्तप्रवाह

कातडीवरून प्रकाश सोडून आतला रक्तप्रवाह मोजणारं आमचं यंत्र कॉलेजच्या तळघरात शहाण्यासारखं वागायचं. दंडाला बीपीचा पट्टा बांधून 200 पर्यंत फुगवला की कोपराखालचा रक्तप्रवाह थांबतो. लॅपटॉपवरची प्रवाह दाखवणारी रेघ तशी जवळजवळ तळाला जायची. तीन मिनिटांनी हवा सोडली की ती पहिल्यापेक्षाही वर उसळी मारून हळूहळू जागेवर यायची. दवाखाना काही तळघरात नसतो, म्हणून एका संध्याकाळी सगळं कुंद्याच्या रिकाम्या डब्यात भरून वडगावला मामांकडे गेलो. मामांनी चाळीस वर्षं माग चालवला, आता शेजारी भाड्याने दिलेल्या खोलीत चार यंत्रमाग खटखटत असतात. त्या घरात आवाज ऐकू येतच नाही, इतका तो कायमचा आहे.

यंत्र म्हणजे तरी काय? 785 नॅनोमीटरचा लेसर कातडीवर सोडायचा. अडीच सेंटीमीटरवर प्रकाश वाहून नेणारी तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, धरायची. आत स्नायूंत भटकून जो क्षीण प्रकाश तिथवर पोचतो, तो तिच्यातून कॅमेऱ्यावर न्यायचा. कॅमेऱ्यात बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. आत रक्तपेशी पळत असल्या तर 5 मिलिसेकंदांच्या फोटोतसुद्धा ती पुसट होते. जितकी पुसट, तितका प्रवाह जास्त. एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, मोजणारे डिटेक्टर वापरूनही हे काम होतं, पण त्यांची किंमत लाखांत. आमचा कॅमेरा काही हजारांचा. हाच आमच्या कामाचा सगळा जीव.

मामांना बरीच वर्षं साखर आहे. अशांच्या पायाच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या की घोट्याला पट्टा बांधून घेतलेलं रक्तदाबाचं माप खोटंच चांगलं येऊ शकतं, म्हणून हा खटाटोप. पण माणसांवरच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी अजून हातात नव्हती, त्यामुळे हात माझाच.

छत्रीचं काळं कापड टाकलं, पट्टा फुगवला. बोटं पांढरी पडली, मुंग्या आल्या, आणि रेघ निम्म्यावर येऊन थांबली. पुन्हा केलं, तेच. पट्ट्यातून हवा जात नव्हती. बाहेरचा उजेडही शिरत नव्हता.

"काय करायलास रे?" मामा म्हणाले. "हात काळानिळा झाला की!"

मग मनात आलं, ज्यात रक्तच नाही अशा वस्तूवर लावून बघू. मामींच्या देवघराजवळ जाड पांढरी मेणबत्ती होती. मेणातही प्रकाश मांसासारखाच विखुरतो, पण आत काही हलत नाही. रेघ तळाला चिकटायला हवी होती. पण हातावर ती जिथे थांबली होती, जवळजवळ तिथेच थांबली. म्हणजे मेणबत्तीत रक्त वाहत होतं! दोन वर्षांचं काम डोळ्यांपुढून गेलं.

आणि लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, लेसर पॉवर बँकेवर, त्यामुळे रेघ चालूच होती. ती सरळ खाली कोसळली.

"लाईट गेली रे, मेणबत्ती दे इकडं," मामी आतून.

"पाच मिनिटं थांबा, मामी!"

अंधारात मामा एकदम म्हणाले, "माग थांबलं आणि तुझी रेघ पडली की रे."

मी तारेवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या हाताने तिला हलकी टिचकी मारली. रेघ वर. मागाच्या धक्क्यांनी जमीन थरथरते, जमिनीने टेबल, टेबलाने प्रकाशाची तार. तार थरथरली की नक्षी पुसट होते, आणि बिचारं यंत्र त्यालाच रक्त समजतं. तळघरात हे कळण्याची सोयच नव्हती.

पाऊण तासाने लाईट आली. तोवर मी टेबल सोडून गादीवर मांडामांड केली होती, तार उशीला चिकटपट्टीने घट्ट बांधली होती. माग सुरू झाले, रेघ थोडीशी उचलली, पण पहिल्याच्या पाव भागही नाही. उरलेल्यासाठी तार काढून टाकून कॅमेराच कातडीला टेकवावा लागेल, हे तेव्हाच वहीत लिहिलं. अजून ते काम चालूच आहे.

"आता माझा पाय घे," मामांनी धोतर वर केलं.

"परवानगी आल्याशिवाय नाही, मामा."

"मेणबत्तीची घेतली होतीस काय?"