सही किंवा अंगठा

पीएचडीची प्रवेश परीक्षा ‘पेट’, कोर्सवर्क, विषयमान्यता, सगळं सुरळीत झालं. अडकले ती सहभागींच्या संमतीपत्रावर. सात महिने!

नंदुरबार जिल्ह्यातले अपंग आदिवासी तरुण मोबाइल कसा वापरतात, हा माझा पीएचडीचा विषय. तो सुचला जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांच्या २०१८ च्या अभ्यासावरून. फोटोवरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या प्रणाली गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत फार तर ०.८ टक्के चुकत होत्या, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. वाचताना मला आमच्याकडचं रेशन दुकानातलं मशीन आठवलं. ऊसतोडीला जाऊन आलेल्या बाईची झिजलेली बोटं ते घेत नाही.

माझ्या यादीत धडगाव तालुक्यातला एक तरुण होता. विजेच्या धक्क्याने त्याचे दोन्ही हात कोपरापासून गेलेत. लिहिता-वाचता येत नाही, पण पायाने फोन चालवतो आणि दिवसभर पावरी बोलीत व्हॉइस मेसेज पाठवतो. मी लिहिलं, याची संमती त्याच्या आवाजात, त्याच्या भाषेत रेकॉर्ड करीन. संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडून अर्ज परत आला: ‘सही किंवा अंगठा आवश्यक.’ मी कारण लिहून पुन्हा दिला. दोन महिने बैठकच झाली नाही. झाली तेव्हा एक सदस्य म्हणाले, “मग पायाचा अंगठा घ्या.” मी बाहेर येऊन रडले. जो माणूस स्वतःच्या तोंडाने हो-नाही सांगू शकतो, त्याच्या पायाला शाई का लावायची? आणि त्याला न वाचता येणाऱ्या कागदावर उमटलेला ठसा ही संमती कशी? घरी आई विचारायची, “आजून कितला चकरा मारशी व माय?”

अर्ज देताना आवक-जावकला पोच घ्याच. माझा दुसरा अर्ज ‘मिळालाच नाही’ म्हणाले, तेव्हा शिक्क्याची प्रतच कामी आली.

शेवटी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं जोडली. वाचता न येणाऱ्यासाठी त्यात निःपक्ष साक्षीदार आहे, आणि कमिटीच्या मंजुरीने तोंडी संमतीही चालते. नेमक्या ओळींवर खूण करून द्या, नुसती फाइल जोडू नका. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल जोडला. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, पापण्या मिटता न येणाऱ्या ॲसिडहल्लाग्रस्तांच्या याचिकेवरचा तो निकाल डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानतो. चौथ्या खेपेला मंजुरी आली: ‘साक्षीदारासमक्ष ध्वनिमुद्रित संमती ग्राह्य.’ ती ओळ मी एसटीत बसून पुन्हा पुन्हा वाचली.

हो, माहितीपत्रक युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधलं मराठी टॉकबॅकला, म्हणजे फोनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीला, वाचता येत नाही. माझ्या दोन अंध सहभागींना पहिलं पत्रक नुसत्या खुणांसारखं ऐकू आलं होतं.

धडगावला रेकॉर्डिंग सुरू केलं, तर त्यानेच आधी विचारलं, “ताई, हा आवाज कोणाकोणाला ऐकवणार?” चारही अर्जांत मी हे लिहिलं नव्हतं. आता पत्रकात पहिलं वाक्य तेच आहे.