मालवणीला तळटीप नको

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. गणपतीला गावी आलेले चाकरमानी असोत किंवा पुण्यात नोकरीला गेलेल्या माझ्या वर्गमैत्रिणी असोत, बोलण्याच्या ओघात प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो: वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी राहून तुला नवीन गाणी, पुस्तके, नाटके यांतले काय मिळते, आणि त्यातले चांगले कोणते हे तू कशावरून ठरवतेस? प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर लवकर संपते. बातमी मुंबईत कळते तेव्हाच मलाही कळते. पुस्तकाचे पार्सल तिठ्यावरच्या किराणा दुकानात चार दिवस उशिरा येते, एवढाच फरक. वाचनही कोकणाला नवे नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे असून ते महाराष्ट्रातले सर्वांत जुने मानले जाते. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र मला सविस्तर द्यावेसे वाटते.

मे २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कथासंग्रहाला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्याची रक्कम लेखिका व अनुवादिका दीपा भास्ती यांच्यात समान वाटली जाते, हे वाचून मला विशेष आनंद झाला. मी ते पुस्तक मागवले आणि काजूच्या कारखान्यातली हिशेबाची नोकरी सांभाळून, जाता-येता एसटीत बसून वाचून काढले. त्यातल्या मुस्लिम स्त्रियांच्या कथांनी मला अस्वस्थ केलेच. पण माझ्या मनात घर करून राहिली ती अनुवादिकेची एक कृती. कन्नड आणि उर्दू शब्द तिने जागच्या जागी, तिरके न छापता आणि तळटीप न देता ठेवले आहेत. वाचणाऱ्याने संदर्भावरून अर्थ लावावा, नाहीतर दोन पाने पुढे जाऊन तो आपोआप कळू द्यावा.

ही गोष्ट मला इतकी का लागली, हे सांगण्यासाठी मला नववीतल्या निबंधाच्या वहीकडे जावे लागेल. पावसाळ्यावरच्या निबंधात मी ‘मांगर’ असे लिहिले होते. त्या शब्दाखाली लाल रेघ आली आणि समासात ‘शेतातले घर’ अशी दुरुस्ती आली. आता आमच्या मांगरात गवताच्या पेंढ्या असतात, जोताचे सामान असते, कोपऱ्यात नारळाची सोडणे रचलेली असतात, आणि पावसाळ्यात आत पाऊल टाकले की भिजलेल्या गुरांचा व सुक्या गवताचा एकत्र वास येतो. ‘शेतातले घर’ म्हटल्यावर यातले काहीच उरत नाही. ‘कुणगा’ आणि ‘व्हाळ’ या शब्दांचेही असेच होते. पुढे कोकणातल्या कथा वाचू लागले, तेव्हा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत त्यांचे अर्थ दिलेले दिसत. आम्ही मराठीच्या घरातली माणसे, आणि आमच्याच घरात आमची ओळख करून दिली जात आहे, असे तेव्हा वाटायचे. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, जी कलाकृती आपले गाव, आपली बोली आणि आपली माणसे कोणालाही समजावून न सांगता उभी करते, तिच्याकडे मी आधी वळते.

याच कसोटीवर मी ‘दशावतार’ हा चित्रपटही पाहिला. तो १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला, म्हणजे गणपतीचे चाकरमानी परतून आठवडाही झाला नव्हता. आम्ही सहाजणी गाडी करून कणकवलीला गेलो. दृष्टी अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी कलावंत दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ज्या ताकदीने उभा केला आहे, ते पाहून मी थक्क झाले. उत्तरार्धातला सूडाचा भाग मला पूर्वार्धातल्या बाप-लेकाइतका पटला नाही, हे मोकळेपणाने सांगते. पण रंगमंचाशी बांधलेला तो माणूस आम्हाला कोणी समजावून सांगावा लागला नाही. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की तशी माणसे आम्हाला मंदिराच्या बाजूला, पत्र्याच्या ट्रंकेवर बसून, हातभर अंतरावरच्या आरशात पाहून स्वतःच्या हाताने तोंड रंगवताना दिसतात. एकच लाकडी बाक रात्रभर सिंहासन होतो, रथ होतो आणि डोंगरही होतो. संवाद कुठे लिहिलेले नसतात. आख्यान ठरते आणि बोलणे जागेवर सुचते. पहाटे दहीकाला फुटेपर्यंत पायपेटी आणि मृदंग थांबत नाहीत.

मृदंगाचे नाव निघाले म्हणून एक आठवण सांगते. १५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकीर हुसेन गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळवणारा तो माणूस. बातमीनंतरच्या रात्री आमच्या शेजारच्या गावची जत्रा होती. नाटक सुरू होण्याआधी मृदंग वाजवणारे काका माझ्याजवळ आले आणि माझ्या फोनवर झाकीर हुसेन यांचे वादन बघायला मागितले. आवाज त्या गर्दीत नीट ऐकू येत नव्हता, तरी काकांची नजर स्क्रीनवरून हलली नाही. डग्ग्यावर मनगट कसे सरकते तेवढेच ते पाहत होते. मग हळूच म्हणाले, “तेंचो डावो हात बघ गो, बोलता तो.” त्यानंतर मी तबला ऐकते तेव्हा आधी डावा हात ऐकते. संगीतावरचे पुष्कळ लेख वाचूनही मला हे कळले नव्हते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गंगाराम गवाणकर गेले. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या या नाटककाराने ‘वस्त्रहरण’मधून मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर आणली आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली, हे १९८० सालचे. तळटीप न देता मराठी माणसाला मालवणी कळते, याचा त्याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. त्यामुळे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर झाला तेव्हा आनंद झालाच, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या ९८ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ताराबाई भवाळकरांना मिळाले, याचा आनंद मला अधिक झाला. संमेलनाच्या त्या सहाव्या महिला अध्यक्ष. जात्यावरच्या ओव्या आणि बायकांची गाणी यांच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्य घातले, त्यांना तो मान मिळाला. अशी गाणी माझ्या घरात आहेत, आणि मी ती तोवर कधी लिहून ठेवली नव्हती.

आता ठेवते आहे. सध्या काय ऐकतेस, असे विचाराल तर मुख्यतः आजीची फुगडीची गाणी ऐकते. रात्री जेवणे आटोपली की ती ओटीवर बसते, मी फोनवर आवाज नोंदवून घेते आणि रविवारी वहीत उतरवते. आतापर्यंत त्रेचाळीस गाणी झाली. “ह्या सगळा लिवन काय करतलंस गो?” असे ती दर वेळी विचारते, आणि उत्तराची वाट न पाहता पुढचे गाणे सुरू करते. गेल्या आठवड्यात एका गाण्यातला एक शब्द मला कळेना. अर्थ विचारला तर तिने सांगितला नाही. तिने ती ओळ पुन्हा म्हटली, या वेळी हाताने ताल धरून, आणि मी तो शब्द जसा ऐकला तसाच वहीत लिहिला.