फ्लाइंग अलाउन्स अडकलाय? दिल्लीला पत्रं नंतर लिहा, आधी पीओआर बघा

एअरफोर्समध्ये अकाउंट्स ट्रेडला नोकरी करून बडोद्यात येऊन बसलेल्या माणसाला लोक साधारण दोनच गोष्टी विचारतात. कॅन्टीनमधून काही आणून देता का, आणि स्पर्शवर, म्हणजे डिफेन्स पेन्शनच्या पोर्टलवर, माझ्या बायकोचं नाव चुकलंय ते कसं दुरुस्त करायचं. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं देऊन देऊन मी आता अर्धा वकील झालोय. पण मध्यंतरी आमच्या दांडिया बाजारातल्याच एका पोराचं (पोरगा कसला, जेडब्ल्यूओ म्हणजे ज्युनिअर वॉरंट ऑफिसर आहे, दोन मुलांचा बाप, पण मी त्याला हाफ पँटमध्ये सूरसागर तलावाच्या कट्ट्यावर बघितलंय त्यामुळे माझ्यासाठी पोरगाच) एक प्रकरण आलं ते जरा वेगळं होतं म्हणून लिहितोय. त्याला विचारूनच लिहितोय, फक्त युनिटची नावं लिहू नका म्हणाला, ती मी तशीही लिहिली नसती.

तर हा ट्रान्सपोर्ट स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट इंजिनिअर. बाहेरच्या लोकांना वाटतं एअरफोर्स म्हणजे सगळेच उडतात, तसं काही नाही, बहुतेक लोक आयुष्यभर जमिनीवरच असतात, मी स्वतः सगळी नोकरी लेजरमध्ये डोकं घालून काढली. जे एअरक्रू आहेत, म्हणजे विमानात ड्युटी करतात, त्यांना फ्लाइंग अलाउन्स मिळतो आणि ती रक्कम छोटी नाही. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून हा भत्ता महिना १०,५०० ते १५,७५० वरून १७,३०० ते २५,००० झाला, जोखीम आणि खडतरपणा बघून भत्ते ठरवणारा जो तक्ता आहे, रिस्क अँड हार्डशिप मॅट्रिक्स, त्याचा जो आरवन एचवन खाना आहे त्यात हा बसतो. खालचा आकडा आमच्यासारख्या ऑफिसर नसलेल्यांना, वरचा ऑफिसरांना. म्हणजे त्या दराने आठ महिने अडकला तर सव्वा लाखाच्या वर जातात, आणि घराचा हप्ता चालू असेल तर महिन्याच्या महिन्याला जाणवतं.

त्याचं झालं असं की त्याला कानाचा त्रास सुरू झाला, विमान खाली येताना प्रेशर बदलतं तेव्हा कान उघडेना, मेडिकलवाल्यांनी त्याला तात्पुरतं खाली आणलं. एअरफोर्समध्ये मेडिकल कॅटेगरी दोन भागात असते, ए म्हणजे हवेतला फिटनेस आणि जी म्हणजे जमिनीवरचा. ए-वन जी-वन म्हणजे सगळं ठणठणीत, ए-फोर म्हणजे उडायचं नाही. हा ए-फोर झाला, काही आठवडे जमिनीवर बसला, त्याच दरम्यान त्याची पोस्टिंग आली, नव्या ठिकाणी मेडिकल बोर्ड झाला आणि तिथे तो परत ए-वन जी-वन झाला. नव्या स्क्वाड्रनने लगेच त्याला उडवायला सुरुवात केली कारण त्यांच्याकडे माणसं कमीच होती. आणि दोन महिन्यांनी पे स्लिपमधून फ्लाइंग अलाउन्स गायब.

इथे आता जरा आतली सिस्टिम सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. एअरफोर्समध्ये माणसाच्या आयुष्यात काहीही झालं, पोस्टिंग, लग्न, मूल, कोर्स पास, कॅटेगरी वर-खाली, की युनिट एक पीओआर काढतं, पर्सोनेल ऑक्युरन्स रिपोर्ट. तो पीओआर दिल्लीला सुब्रोतो पार्कमध्ये एअरफोर्स रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि तुमच्या रेकॉर्डवर चढतो. पगाराचं काम तिथेच सेंट्रल अकाउंट्स ऑफिसमध्ये, ज्याला सगळे एएफसीएओ म्हणतात, तिथे प्रत्येकाचं एक आयआरएलए खातं असतं, रनिंग लेजर. ते खातं चालतं पीओआरवर. तुम्ही खरंच उडताय की गच्चीवर पतंग उडवताय हे एएफसीएओला दिसत नाही आणि दिसायचं कारणही नाही, त्यांच्यासमोर एंट्री आली तर पैसे चालू, उलटी एंट्री आली तर पैसे बंद.

आता बघा घोळ. नव्या युनिटने ए-वन झाल्याचा पीओआर पटकन काढला. जुन्या युनिटने ए-फोर झाल्याचा पीओआर मात्र काढलाच नव्हता, माणूस पोस्टिंगवर निघून गेला, क्लिअरन्स झालं, कागद ट्रेमध्ये राहिला. मग कधीतरी तिथे कोणीतरी जुनी पेंडिंग कामं उपसली आणि तो काढला. म्हणजे रेकॉर्डवर आधी चढलं की हा फिट झाला आणि नंतर चढलं की हा अनफिट झाला! शेवटची एंट्री काय, तर ए-फोर. झालं, भत्ता बंद. दोन्ही पीओआर आपापल्या जागी खरे होते हं, कोणी खोटं काही लिहिलं नव्हतं, आतल्या तारखाही बरोबर होत्या, फक्त आले उलट्या क्रमाने.

याने काय केलं? सगळे करतात तेच. ऑर्डरली रूममध्ये, म्हणजे युनिटच्या ऑफिसात, जाऊन विचारलं, ते म्हणाले पुढच्या महिन्यात येईल. पुढच्या महिन्यात नाही आलं, परत विचारलं, तोवर तिथला कॉर्पोरल बदलला. मग कोणीतरी सांगितलं डायरेक्ट दिल्लीला लिही, लिहिलं. मग कोणीतरी सांगितलं ऑनलाइन तक्रार टाक, सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, वरून दट्ट्या बसतो. मी त्याला विचारलं की अरे बाबा सीपीग्राम्सवर टाकलेली तक्रार फिरत फिरत शेवटी कुठे येणार? तुझ्याच स्टेशनच्या त्याच टेबलावर येणार आणि तो क्लार्क लिहिणार 'रेकॉर्डप्रमाणे कॅटेगरी ए-फोर आहे, सबब भत्ता देय नाही', आणि ते उत्तर तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर असणार. रेकॉर्डच चुकीच्या जागी उभा असेल तर पगाराबद्दल भांडून काही होत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि एवढी वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसल्यामुळे आहे.

गणपतीत तो सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला लॉगबुक घेऊन बसवला. एअरक्रूचं फ्लाइंग लॉगबुक म्हणजे बघण्यासारखी चीज असते. प्रत्येक सॉर्टीची, म्हणजे उड्डाणाची, एक ओळ, तारीख, विमानाचा नंबर, कॅप्टनचं नाव, ड्युटी, दिवसाचे तास, रात्रीचे तास, आणि महिना संपला की खाली बेरीज आणि फ्लाइट कमांडरची सही. त्याचं अक्षर शाळेपासूनच घाण, पण महिन्याच्या बेरजा एकदम स्वच्छ, लाल पेनाने खाली दोन रेघा मारलेल्या, एकाही महिन्याची सही चुकलेली नाही. भत्ता बंद असलेल्या प्रत्येक महिन्यात तो उडलेला होता. वहिनी (त्याची बायको, मी वहिनीच म्हणतो, वयाचा हिशोब करू नका) चहा घेऊन आली आणि म्हणाली भाऊजी, एवढं लिहून ठेवलंय तरी पैसे का देत नाहीत. प्रश्न बरोबर होता. पण लॉगबुक हा पुरावा आहे, ऑर्डर नाही. लॉगबुक दाखवून अकाउंट्सवाला पैसे सोडूच शकत नाही, त्याला पीओआरचा नंबर लागतो.

मग मी एका कागदावर तीन कॉलम पाडले. घटना कधी घडली, पीओआर कधी निघाला, रेकॉर्डवर कधी चढला. तिसरा कॉलम त्याच्याकडे नव्हता तो नंतर मिळवला. हे तीन कॉलम शेजारी शेजारी ठेवले की घोळ आपोआप दिसतो, त्याला स्वतःलाही तोपर्यंत कळलं नव्हतं की नेमकं चुकलंय काय, तो सगळ्यांना सांगत होता की माझी कॅटेगरी अपडेट झाली नाही, जे खरं नव्हतं, अपडेट झाली होती, नंतर परत पुसली गेली होती. अर्जात चुकीचं कारण लिहिलं की समोरचा तेवढंच तपासतो आणि 'अपडेट झालेली आहे, पीओआर अमुक' असं लिहून फाइल बंद करतो.

कागद कोणते लागले तर दोन्ही मेडिकल बोर्डांची प्रोसीडिंग्ज, एएफएमएसएफ-१५ म्हणतात तो फॉर्म. लॉगबुकच्या त्या महिन्यांच्या पानांची स्क्वाड्रनने अटेस्ट केलेली कॉपी. दोन्ही पीओआरची कॉपी. आणि अर्ज कोणाकडे, तर दिल्लीला नाही, आपल्या सीओच्या (कमांडिंग ऑफिसरच्या) थ्रू जुन्या युनिटकडे, की तुमचा तो उशिरा काढलेला पीओआर दुरुस्त करा, त्यात स्पष्ट लिहा की ए-फोर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच, आणि पुढची स्थिती नव्या युनिटच्या पीओआरप्रमाणे. कारण ज्याने एंट्री काढली तोच ती सुधारू किंवा कॅन्सल करू शकतो, बाकी सगळे फक्त पोस्टमन. आपली कॉपी कोणी देत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच, २००५ चा कायदा, १० रुपये फी, ३० दिवसात उत्तर, स्वतःचे कागद मागायला लाजायचं काय. पण त्याला गरज पडली नाही, त्याचा नवा सीओ चांगला निघाला, त्याने स्वतः जुन्या युनिटला फोन लावला.

आणि हो, अर्ज करून नुसतं बसून राहू नका. नोकरीत असाल तर एअरफोर्स ॲक्ट १९५० च्या कलम २६ खाली तक्रार करता येते, ऑफिसरांसाठी कलम २७. तिथेही काही झालं नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, गुजरातवाल्यांना मुंबई बेंच. ट्रिब्युनल म्हणतं आधी खात्यातले उपाय करून या, आणि शेवटच्या ऑर्डरपासून ६ महिन्यांत या. अर्ज दिला आणि ६ महिने उत्तरच नाही आलं तर त्याच्या पुढचे ६ महिने. लोक इथे एक गोष्ट फार बोलतात, कंटिन्यूइंग राँग, म्हणजे चालूच राहणारा अन्याय, तरसेम सिंग केस, सुप्रीम कोर्ट २००८, उशिरा गेलं तरी मागच्या ३ वर्षांची थकबाकी मिळते वगैरे. ती केस डिसॅबिलिटी पेन्शनची होती, जिथे दर महिन्याला नव्याने कमी पैसे मिळत राहतात. तुमचे मधले आठ महिने अडकले आणि नंतर भत्ता सुरळीत चालू झाला तर तो प्रकार तसा नाही, ते महिने बंद झाले, त्यामुळे उशीर अंगावर येऊ शकतो. आणि पेन्शनमध्ये याचा फायदा होईल म्हणून कोणी वाट बघत असेल तर पेन्शन बेसिक, एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) वगैरे धरून निघते, फ्लाइंग अलाउन्स त्यात धरत नाहीत.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला अमेरिकेत यासाठी वेगळं बोर्डच आहे. खरंच आहे, १९४६ च्या कायद्यापासून आहे, सैनिकाच्या रेकॉर्डमधली चूक किंवा अन्याय दुरुस्त करायला, डीडी फॉर्म १४९ भरायचा, चूक कळल्यापासून ३ वर्षांत, आणि न्यायासाठी गरज वाटली तर बोर्ड ती मुदत सोडूनही देतं. तिथे फ्लाइट पेला साधारण महिन्याला ४ तास उडलेलं दाखवावं लागतं, म्हणजे तिथेही लॉगच. पण त्यांच्याकडचा खरा घोळ म्हणजे १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. एअरफोर्सचे १९४७ ते १९६४ मध्ये बाहेर पडलेले ज्यांची आडनावं एबीसीडीत हबर्डच्या पुढची, त्यांच्यातल्या ७५ टक्के लोकांच्या फायली जळाल्या. आडनाव ए वरून असेल तर वाचलात! असल्या लोकांचे रेकॉर्ड मग पगाराची व्हाउचरं आणि हॉस्पिटलचे कागद गोळा करून उभे करावे लागले. म्हणून पोरांनो लॉगबुकच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, फक्त मोबाइलमध्ये नाही, दोन ठिकाणी.

तर आमच्या पठ्ठ्याचं काय झालं. जुन्या युनिटने दुरुस्तीचा पीओआर काढला, रेकॉर्डवर चढला, आणि एका महिन्याच्या पे स्लिपमध्ये एकदम थकबाकी आली. फोन आला तेव्हा आवाज असा की मला वाटलं काहीतरी वाईट झालं. म्हणाला दादा, थोडे कापलेत. मी म्हटलं कापणारच. तू खरोखर ए-फोर होतास त्या आठवड्यांत जुन्या युनिटचा पीओआरच गेला नव्हता त्यामुळे तुला भत्ता चालूच राहिला होता, तारखा नीट लागल्यावर तो हिशोबही नीट लागला. रेकॉर्ड दुरुस्त करा म्हणून अर्ज करताना ही बाजू आधीच बघून ठेवावी, मी त्याला सांगितलं होतं, पण थकबाकीच्या आनंदात कोण ऐकतो. तरी बरीच मोठी रक्कम हातात आली.

वर टीडीएस पण बसला कारण सगळं एकाच वर्षात आलं. त्यावर उपाय आहे, मागच्या वर्षांची थकबाकी असेल तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८९ ची सूट मिळते, पण रिटर्न भरायच्या आधी पोर्टलवर फॉर्म १०ई भरायला लागतो, तो न भरता नुसती सूट मागितली की डिपार्टमेंटची नोटीस येते. त्याला म्हटलं ये रविवारी, भरून टाकू, आणि येताना पे स्लिपच्या प्रिंट आण, मोबाइलवर झूम करून करून माझे डोळे गेलेत. शेव-उसळ मात्र तो आणणार आहे, असं ठरलंय.