तुम्ही विचारलंत म्हणून : चित्रकलेच्या तासाला शांती

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात, एका मिशनच्या शाळेत मी पहिली ते चौथीच्या मुलांना चित्रकला शिकवते. दर सत्रात एक ख्रिस्ती मूल्य निवडायचे आणि ते सर्व विषयांतून मुलांपर्यंत न्यायचे, असा आमच्या शाळेचा प्रघात आहे. नाताळाच्या आधीच्या आठवड्यांत हे मूल्य बहुधा शांती असते. त्यामुळे पालकसभेत, लग्नकार्यात, अगदी एस.टी.च्या प्रवासातही मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : भाषेच्या तासाला गोष्ट सांगता येते, परिपाठात वचन पाठ करून घेता येते, पण चित्रकलेच्या तासाला शांती शिकवायची म्हणजे नेमके काय करायचे? काही जण थोडे थांबून पुढचा प्रश्नही विचारतात, की वर्गातील बहुतेक मुले ख्रिस्ती नसताना हे मूल्य ख्रिस्ती म्हणून का शिकवायचे? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मी तिसरीच्या वर्गाला कोणतीही प्रस्तावना न करता सांगितले, की शांतीचे चित्र काढा. निम्म्याहून अधिक मुलांनी वर्ग काढला, आणि त्या वर्गात रांगेने बसलेली, हाताची घडी घातलेली, तोंडावर बोट ठेवलेली मुले काढली. एका मुलीच्या चित्रात तर फळ्यासमोर छडी घेतलेल्या बाईही होत्या. त्या चित्रांकडे पाहताना माझ्या लक्षात आले, की 'शांत' हा शब्द या मुलांनी आयुष्यात सर्वाधिक वेळा आम्हा शिक्षकांच्याच तोंडून ऐकला आहे, आणि तो नेहमी आज्ञा म्हणून ऐकला आहे. त्यांनी शांतता काढली होती. शांती त्यांना कोणी दाखवलीच नव्हती.

मराठी पवित्र शास्त्रात जेथे 'शांती' हा शब्द येतो, तेथे जुन्या करारात मूळ हिब्रू शब्द बहुतेक ठिकाणी 'शालोम' असा आहे. त्याचा अर्थ आवाज बंद होणे असा नाही. त्याच्या मुळाशी पूर्णपणाचा, काही उणे न राहण्याचा भाव आहे. घरात धान्य आहे, माणसे सुखरूप आहेत, शेजाऱ्याशी बोलणे चालू आहे, देवाशी नाते नीट आहे, हे सारे मिळून शालोम होते. डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ५:९) येशूने धन्य म्हटले आहे तेही शांती करणाऱ्यांना. करणे हे हातांचे काम आहे, आणि चित्रकलेचा तास हाही हातांचा तास आहे. माझे सगळे पाठ या एका जाणिवेतून निघाले आहेत.

कबुतराविषयी मात्र थोडे सांगितलेच पाहिजे, कारण सर्वांना तेच अपेक्षित असते. ऑलिव्हची, म्हणजे जैतुनाची, डहाळी आणि पक्षी हे चिन्ह जुने आहे. रोममधील भूमिगत दफनस्थानांत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी ते कबरींवर काढले आहे. त्यामागे नोहाची गोष्ट आहे : जलप्रलयानंतर सोडलेला पक्षी चोचीत जैतुनाचे ताजे पान घेऊन परत येतो, आणि जमीन पुन्हा हिरवी होऊ लागल्याचे तारवातील माणसांना कळते. भित्तिपत्रकांवरचे पांढरे कबुतर जगभर पोहोचले त्यात पिकासोने १९४९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी दिलेल्या चित्राचा मोठा वाटा आहे. पण आमच्या मुलांनी जैतून पाहिलेला नाही आणि पांढरे कबुतर पाहिलेले आहे ते बहुतेक छापील चित्रातच. म्हणून मी त्यांना होला काढायला सांगते, जो शाळेच्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर चार काड्या आडव्यातिडव्या टाकून घरटे करतो. चोचीत कोणते पान द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी निंबाचे देते, कोणी पळसाचे. एका मुलाने पावसाने ओढ दिलेल्या वर्षी कपाशीचे दोन पानी कोंब चोचीत दिले होते. नोहाच्या माणसांना पाणी ओसरायला हवे होते आणि या मुलाच्या घराला पाणी पडायला हवे होते, तरी दोघांची वाट पाहणे एकच होते, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

माझा सर्वात आवडता पाठ वादळाचा आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू शिष्यांसह नावेतून सरोवरापलीकडे निघतो, मोठे वादळ सुटते, लाटा नावेत येऊ लागतात, आणि तो मात्र नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपलेला असतो. ज्याला गालीलचा समुद्र म्हणतात ते खरे तर सुमारे २१ किलोमीटर लांबीचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून २०० मीटरहून अधिक खोल जागी, डोंगरांच्या मध्ये. त्या डोंगरांवरून वारा एकाएकी खाली उतरतो. मी हे सांगते, कारण प्रकाशा गावच्या घाटावरून पुरातील तापी पाहिलेल्या मुलांना ते लगेच समजते. समुद्र म्हटले की ती निळा रंग घासत बसतात. डोंगर, वारा आणि गढूळ पाणी म्हटले की त्यांचे हात वेगळे चालू लागतात.

मग मी त्यांना त्यांचे स्वतःचे वादळ काढायला सांगते. मे-जूनमधील वावधान, म्हणजे सोसाट्याचे वादळ, या मुलांनी पाहिलेले असते. एका रात्रीत केळीची उभी बाग आडवी होते आणि सकाळी घरातील मोठी माणसे बांधावर नुसती उभी असतात. मुले काळा आणि जांभळा तेलखडू एकमेकांवर इतका दाबून घासतात की कागद फाटायला येतो, आणि मी त्यांना थांबवत नाही. संपूर्ण कागद वादळाने भरला की मी विचारते, आता यात शांती कोठे आहे ती शोधा. हा प्रश्न अवघड आहे आणि दरवर्षी काही मुले काहीच काढत नाहीत. तेही मी उत्तर म्हणून स्वीकारते. एका वर्षी चौथीतील एका मुलीने उडणारे पत्रे, वाकलेला विजेचा खांब आणि आडवी केळी काढली होती. त्या सगळ्याच्या मध्ये तिने आढ्याला बांधलेली एक झोळी काढली, झोळीतून बाहेर आलेला लहानसा पाय काढला, आणि झोळीची दोरी धरलेली आई काढली. तिचा भाऊ त्या रात्री जागा झाला नाही, एवढेच तिने सांगितले. नावेत उशीवर झोपलेल्या प्रभूचे चित्र मी अनेक चित्रकारांच्या हातचे पाहिले आहे. पण ती झोळी पाहिल्यापासून मार्कचा तो अध्याय वाचताना मला आधी ती दोरी धरलेला हात दिसतो.

यशयाच्या अकराव्या अध्यायातील राज्य, जेथे लांडगा कोकराजवळ राहतो आणि सिंह बैलासारखा कडबा खातो, ते मी मुलांना एडवर्ड हिक्स या, क्वेकर नावाच्या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथातील अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांसह दाखवते. त्याने या एकाच विषयावर १८२० पासून १८४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे ६० चित्रे काढली. आमच्याकडे बिबट्या उसात असतो आणि शेळ्या घरात असतात, त्यामुळे हा विषय मुलांना गोड वाटत नाही. "बाई, कडबा खाईसन सिंह जगी का?" असे एका मुलाने गंभीरपणे विचारले होते. त्याच्या घरची शेळी बिबट्याने नेली होती. शांतीसाठी बलवानाला आपले खाणे बदलावे लागते, एवढे त्या वचनातून मला त्याला सांगता आले.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. ही गोष्ट कोठून आली, हे मी कधीही लपवत नाही. ख्रिस्ती गोष्ट ख्रिस्ती म्हणूनच सांगते, कारण आडून सांगणे मला अप्रामाणिक वाटते. परंतु सांगणे आणि मानायला लावणे यांत अंतर आहे. पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणात सहभागी करून घेता येत नाही, असे संविधानाचा २८ वा अनुच्छेदच अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांना सांगतो, आणि तसा नियम नसता तरी माझ्या श्रद्धेने मला तेच सांगितले असते. माझ्या तासाला चित्र काढायचे असते, प्रार्थना नाही. शिवाय मुले स्वतःचे घेऊन येतात. एका मुलीने घरी आजोबा म्हणतात तो शांतिपाठ सांगितला, ज्यात शांती तीनदा मागतात. मी शालोम हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा एक मुसलमान मुलगा उठून म्हणाला, की हे तर आमच्या सलामासारखे आहे. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. मग मी त्याला सांगितले, की आम्ही मराठी ख्रिस्ती लोकही उपासनेनंतर एकमेकांना सलामच म्हणतो. त्याला झालेला आनंद मला आजही आठवतो.

एक चूकही सांगते. सुरुवातीच्या एका वर्षी मी शांतीवर भित्तिपत्रक स्पर्धा घेतली आणि पहिल्या क्रमांकावरून दोन जिवलग मैत्रिणी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्यानंतर या विषयावर मी कधीही क्रमांक काढले नाहीत. आता दोघांना मिळून एक कागद आणि रंगांची एकच पेटी देते. भांडण होते, कागद फाटतोही. फाटलेला कागद टाकून द्यायचा नाही, मागून पट्टी चिकटवून पुढे काढायचे, असा नियम आहे. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना "तुम्हांस शांती असो" म्हणतो आणि लगेच आपले हात व कूस दाखवतो. जखमा तेथेच असतात. फाटल्याची रेघही चित्रात तशीच राहते.

या नियमावर माझीही परीक्षा झाली. एकदा पेटीतील नवा लाल तेलखडू हरवला आणि मी एका मुलाला सर्वांसमोर उभे करून विचारले, कारण आदल्या दिवशी तो त्याने मागितला होता. दोन दिवसांनी खडू माझ्याच कपाटात, पुठ्ठ्यांच्या खाली सापडला. त्या आठवड्यात मी वर्गाला मत्तयातील ते वचन सांगणार होते, की वेदीजवळ दान आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. त्या वचनात आपण दुखावलेलो नसतो. दुखावलेला दुसरा असतो, आणि उठून जायचे आपल्याला असते. मी सर्वांसमोर आरोप केला होता, म्हणून क्षमाही सर्वांसमोर मागितली. तो काही बोलला नाही, खाली बसला. पुढे दोन आठवडे त्याने लाल रंगाला हात लावला नाही. फुलेदेखील त्याने निळी काढली. मी त्याला काही विचारले नाही. मग एके दिवशी नंदुरबारला मामाकडे जाऊन आल्यावर तो माझ्या टेबलाजवळ आला आणि म्हणाला, की मिरचीची पथारी काढायची आहे, लाल द्या. अर्धा कागद भरून त्याने पथारी, म्हणजे वाळायला पसरलेल्या मिरच्या, काढली, मिरच्या उलथणाऱ्या बायका काढल्या, आणि घंटा झाल्यावर उरलेला खडूचा तुकडा माझ्या हातात आणून दिला.